डोंगरी ओढ्यातल्या काळ्या माश्या: हुबेहूब दिसणाऱ्या जाती वेगळ्या कशा ओळखाव्यात

ओढ्यात पाणी जिथे खडकावरून पातळ होऊन वेगाने घसरतं, तिथला हाताएवढा एक दगड उचलून बघा. त्यावर काळपट तपकिरी बारीक अळ्यांची दाटी दिसेल. शेपटाकडून दगडाला घट्ट धरलेल्या, बाकीचं अंग प्रवाहात सैल सोडलेल्या. शेजारी चपलेच्या पुढच्या भागासारख्या दिसणाऱ्या रेशमी पिशव्याही असतील. सगळं एकाच साच्यातून काढल्यासारखं वाटतं आणि आपण वहीत एकच नाव लिहून मोकळे होतो. पण त्या एका दगडावर पुष्कळदा दोन किंवा तीन जाती नांदत असतात.

या सिम्युलिडी कुलातल्या माश्या. इंग्रजीतल्या नावावरून आपण त्यांना काळ्या माश्या म्हणतो. लिंबूवर्गीय झाडांच्या पानांवर बसणाऱ्या किडीलाही मराठीत काळी माशी म्हणतात, पण ती ढेकूण-मावा यांच्या गणातली, खरी माशी नव्हेच. आपली काळी माशी १ ते ६ मिलिमीटरची, पाठीला कुबड असलेली, आणि तिची मादी बहुतेक जातींत रक्त पिते. जगात या कुलाच्या २३०० हून जास्त जातींची वर्णनं झाली आहेत. या लेखात मी ‘जाती’ हा शब्द सर्वांत खालच्या पातळीसाठी आणि ‘प्रजाती’ तिच्या वरच्या पातळीसाठी वापरला आहे. सिम्युलियम ही प्रजाती, सिम्युलियम ऑर्नाटम ही जाती.

इतक्या बारीक फरकांमागे लागायचं कशाला, असं कुणी विचारलं तर मी आफ्रिकेतलं एक उदाहरण देतो. नदीकाठच्या अंधत्वाचा कृमी माणसात पोचवणारी सिम्युलियम डॅम्नोसम ही १९०३ साली नाव मिळालेली माशी कित्येक दशकं एकच जात मानली जात होती. अळ्यांची गुणसूत्रं तपासल्यावर कळलं, की या एका नावाखाली अनेक जाती दडलेल्या आहेत. काही सवाना गवताळ प्रदेशातल्या, काही जंगलातल्या, आणि रोग पसरवण्यात प्रत्येकीचा वाटा वेगळा. पश्चिम आफ्रिकेत १९७४ ते २००२ या काळात चाललेल्या नियंत्रण मोहिमेला कुठल्या नदीत कुठली जात आहे हे सतत बघत राहावं लागलं. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या अशा जातींना भगिनी जाती म्हणतात, आणि डोंगरातल्या ओढ्यांमध्ये त्यांची रेलचेल असते.

माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. जाळ्यात सापडलेल्या सुट्या माशीला नाव देण्याची घाई करू नका. अळी, कोष आणि प्रौढ माशी या तिन्ही अवस्था एकमेकींना पुराव्यानिशी जोडा, मग नाव शोधा. पुढची प्रत्येक पायरी त्या जोडणीसाठीच आहे.

आधी कुल पक्कं करा

प्रौढ माशीची शृंगिका, म्हणजे डोक्यावरची मिशी, आखूड आणि जाडसर असते. बहुधा ११ खंडांची, एकावर एक मणी रचल्यासारखी, केसांचा झुपका नसलेली. पंख रुंद, पुढच्या कडेजवळच्या शिरा ठळक आणि मागच्या अगदी फिकट. संयुक्त डोळे मोठे, पण डोक्यावरचे तीन साधे डोळे अजिबात नसतात. ही शेवटची खूण लक्षात ठेवा, कारण नवख्याला सर्वाधिक फसवणाऱ्या स्कॅटॉप्सिडी कुलातल्या माश्याही काळ्या, आखूड शृंगिकेच्या आणि पुढच्या शिरा ठळक असलेल्या असतात. त्यांना मात्र साधे डोळे असतात. कुबडामुळे फोरिडी कुलाशीही गल्लत होते. फोरिडींची शृंगिका मण्यांच्या माळेसारखी नसते, एका गोलसर खंडातून निघालेल्या लांब केसासारखी दिसते.

अळ्यांच्या बाबतीत काम सोपं आहे. सिम्युलिडीची अळी मागच्या टोकाकडे फुगीर असते. त्या टोकाला बारीक आकड्यांचं वर्तुळ असतं आणि तिने स्वतःच विणलेल्या रेशमी गादीत ते आकडे रुतलेले असतात. छातीखाली एकच आखूड मांसल पाय असतो. तोंडापाशी दोन पंखे असतात आणि वाहत्या पाण्यातले अन्नकण ती त्यांनी गाळून घेते. त्याच खडकावर पोटाखाली एका ओळीत सहा चूषक असलेली अळी दिसली तर ती ब्लेफॅरिसेरिडी कुलातली. दोन्ही बाजूंना सात-सात मांसल पाय काढलेली चपटी अळी असेल तर ती ड्यूटेरोफ्लेबिडी, म्हणजे पर्वती मिज. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवायला हवा. ट्विनिया आणि जिम्नोपेस या अतिथंड उगमझऱ्यांतल्या प्रजातींच्या अळ्यांना पंखे नसतात, त्या खडकावरचं शेवाळ खरवडून खातात. पंखे नाहीत एवढ्यावरून अळी बाजूला टाकू नका.

ओढ्यावर: काय गोळा करायचं आणि काय लिहायचं

प्रत्येक जागेवरून तीन गोष्टी हव्यात: पूर्ण वाढलेल्या अळ्या, पक्व कोष, आणि शक्य असेल तर आत माशी उरलेली नाही अशी कोषांची रिकामी टरफलं. पूर्ण वाढलेली अळी ओळखायची खूण म्हणजे छातीच्या दोन्ही बाजूंना दिसणारा गडद ठिपका. पुढे कोषाचा कल्ला होणारी ती घडी असते. पांढरी घडी म्हणजे अळी शेवटच्या अवस्थेत नुकतीच आली आहे, काळी म्हणजे ती कोषात जाण्याच्या बेतात आहे. दोन्ही प्रकारच्या अळ्या हव्यात, त्यांचा उपयोग वेगवेगळा आहे.

एकाच दगडावर थांबू नका. पाण्यात लोंबणारं गवत, अडकलेली फांदी, कुजलेली पानं, धबधब्याखालचा ओला खडक, तळ्यातून पाणी बाहेर पडतं ते तोंड, अशा प्रत्येक ठिकाणचा नमुना वेगळ्या नळीत घ्या. भगिनी जातींमधला फरक अनेकदा शरीरापेक्षा जागेच्या निवडीत आधी दिसतो. एक पाऊलभर रुंदीच्या झऱ्यात, दुसरी खाली शंभर पावलांवर त्याच झऱ्याचा ओढा झाल्यावर. म्हणून समुद्रसपाटीपासूनची उंची, पाण्याचं तापमान, ओढ्याची रुंदी, प्रवाह किती वेगाचा, झाडांची सावली आहे की उघडं आहे, तळ खडकाचा की वाळूचा, हे सगळं तिथेच लिहायचं. घरी येऊन आठवून लिहिलेलं तापमान काहीच कामाचं नसतं.

अळ्या दोन वेगवेगळ्या द्रवांत ठेवायच्या. काही ९५ टक्के इथेनॉलमध्ये, डीएनएसाठी आणि शरीररचना पाहण्यासाठी. काही तीन भाग इथेनॉल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल या कार्नॉयच्या मिश्रणात, गुणसूत्रांसाठी. मिश्रण तिथेच ताजं बनवायचं. आम्ल सांद्र असतं, त्यामुळे हातमोजे घाला आणि बाटली सरळ उभी ठेवा. अळ्यांच्या अंगात पाणी भरपूर असतं, त्यामुळे दोन्ही द्रव पातळ होतात. पहिल्या काही तासांत एकदा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा द्रव बदला. कार्नॉयमधल्या नळ्या नंतर थंडीत ठेवायच्या, शक्य असेल तर फ्रीझरमध्ये.

चिठ्ठी नळीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलीने. एका मोसमात मी बाहेरून शाईने आकडे घातले होते. पिशवीत एक नळी गळली, इथेनॉलने सगळे आकडे धुऊन नेले, आणि चार ओढ्यांचे नमुने नुसत्याच अळ्या होऊन बसले. ते नमुने अजून माझ्याकडे आहेत, पण त्यांच्यावरून एक वाक्यही लिहिता येत नाही.

एक कोष, एक नळी

पूर्ण लेखातून एवढीच पायरी घेतलीत तरी चालेल.

पक्व कोष काळपट दिसतो. त्याच्या कवचातून आतल्या माशीचे डोळे आणि पंखांची घडी दिसते. असा कोष दगडावरून सोलून काढायचा नाही. तो गवताच्या पात्यावर असेल तर पात्याचा तेवढा तुकडा कापा. दगडावर असेल तर पातळ पात्याने रेशमी आवरणासकट अलगद सोडवा. छोट्या नळीत ओला टिपकागद घाला, त्यावर कोष ठेवा आणि तोंडाला कापसाचा बोळा लावा. नळीत पाणी साचू द्यायचं नाही. दमट हवेत कोष व्यवस्थित जगतो, साचलेल्या स्थिर पाण्यात मात्र गुदमरतो. नळ्या बर्फाच्या पिशवीशेजारी, पण तिला न चिकटवता, खोक्यात ठेवा. डोंगरातल्या थंड पाण्यातला जीव गाडीच्या उकाड्यात तासाभरात मरतो.

पक्व कोषातून माशी बहुधा एकदोन दिवसांत बाहेर येते. ती आली की लगेच मारू नका. ताज्या माशीचं अंग मऊ आणि रंग फिका असतो, मारल्यावर ती सुरकुतते आणि पाठीवरची नक्षी उमटतच नाही. एक पूर्ण दिवस तिला त्याच दमट नळीत जगू द्या. मग माशी आणि तिने मागे टाकलेलं कोषाचं टरफल एकाच क्रमांकाखाली ठेवा. त्या टरफलावर कल्ल्याचे तंतू जसेच्या तसे राहतात, त्यामुळे प्रौढ माशी आणि कोषाची सगळी लक्षणं एकाच जिवाची म्हणून हाती येतात. यात तर्क काहीच नसतो. ही माशी याच कोषातून निघाली हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

अळीशी जोडणी उरते. त्यासाठी काळ्या घडीची अळी घ्या. सुईच्या टोकाने छातीवरची ती घडी उघडा, कल्ल्याचे गुंडाळलेले तंतू बाहेर काढा आणि ग्लिसरीनच्या थेंबात पसरवा. तंतू किती आहेत आणि त्यांना फाटे कसे फुटले आहेत हे तिथेच मोजता येतं. ते कोषाशी जुळलं, की अळीपासून माशीपर्यंतची साखळी पूर्ण होते. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दुपारभर एकामागून एक अळ्या उघडत बसलो होतो. एकच समजून ठेवलेल्या नळीतून सहा तंतूंच्या आणि आठ तंतूंच्या अशा दोन रांगा टेबलावर वेगळ्या होत गेल्या.

कोष वाचायचा तो असा

कल्ल्यापासून सुरुवात करा. तंतूंची संख्या सिम्युलियममध्ये २ पासून १०० च्याही वर जाते, पण नुसती संख्या अपुरी आहे. फाटे कसे फुटतात ते काढून ठेवा: सहा तंतू असतील तर तीन जोड्या आहेत का, प्रत्येक जोडीचा देठ किती लांब, की काही तंतू थेट बुडापासून निघतात? आठ तंतू ३+३+२ असेही असू शकतात आणि २+२+२+२ असेही. वरून खाली ठरावीक क्रमाने मोजा आणि तोच क्रम कायम पाळा. मी प्रत्येक कोषासाठी साधं रेखाचित्र काढतो. फोटोत तंतू एकमेकांवर येतात आणि खालचा फाटा लपतो; हात मात्र तो फाटा शोधल्याशिवाय पुढे जात नाही. डावा आणि उजवा असे दोन्ही कल्ले मोजा. एका बाजूला एखादा तंतू तुटलेला किंवा जास्तीचा असणं नेहमीचं आहे, त्यामुळे किमान दहा कोष तपासल्याशिवाय संख्या पक्की धरू नये.

मग रेशमी आवरण. प्रोसिम्युलियम या कुलातल्याच दुसऱ्या प्रजातीत ते आकार नसलेल्या सैल गुंडाळ्यासारखं असतं. सिम्युलियममध्ये ते नीट विणलेलं, पुढून उघडं असतं. त्यातही दोन ढब आहेत: एक सपाट चपलेसारखी, दुसरी पुढे उंच गळा असलेल्या बुटासारखी. काही जातींत वरच्या कडेला पुढे आलेलं शिंग असतं, काहींत कडेजवळ खिडक्यांसारखी भोकं असतात. वीण घट्ट आहे की जाळीदार, तेही लिहा. पण वेगाच्या पाण्यातलं आवरण झिजतं आणि गाळाने भरतं, म्हणून त्याच्या साक्षीला कल्ल्याच्या खालचं स्थान द्यायचं.

छातीच्या पृष्ठभागावरचे केस साधे आहेत की फाटे फुटलेले, कवच गुळगुळीत आहे की दाणेदार, हे कंपाउंड मायक्रोस्कोपखाली दिसतं. सिम्युलियम वर्नम गटात बहुतेक कोषांना चारच तंतू असतात. तिथे मुख्य भिस्त तंतूंच्या देठांवर आणि अशा बारीक लक्षणांवर ठेवावी लागते. हा गट थंड, लहान झऱ्यांत भरपूर सापडतो आणि नवख्याला हमखास थकवतो.

अळीचं डोकं

अळी पाहताना डोकं वेगळं करून ग्लिसरीनमध्ये ठेवा. वरच्या बाजूला फिक्या पार्श्वभूमीवर गडद ठिपके असतात, किंवा नेमकं उलट, गडद पार्श्वभूमीवर फिके ठिपके. डोक्याच्या खालच्या बाजूला पुढे दातेरी पट्टी असते, तिच्यातल्या मधल्या आणि कडेच्या दातांची उंची बघा. तिच्या मागे एक रंगहीन खाच दिसते. प्रोसिम्युलियममध्ये ती उथळ असते, सिम्युलियमच्या अनेक जातींत खोल, कधी घंटेच्या तर कधी भाल्याच्या टोकाच्या आकाराची. या खाचेचा आकार आणि खोली ही माझ्या मते अळीतली सर्वांत भरवशाची गोष्ट. डोक्यावरचे ठिपके मात्र खाणं, पाण्याचं तापमान आणि अळीचं वय यांनुसार गडद-फिके होतात.

पोटाच्या मागच्या टोकाला खाली दोन शंकूसारखे उंचवटे आहेत का ते पाहा. काही उपप्रजातींत, म्हणजे प्रजातीच्या आतल्या गटांत, ते ठळक असतात. गुदद्वारातून बाहेर येणारी तीन मांसल बोटं साधी आहेत की त्यांना उपफाटे आहेत, हेही उपयोगी लक्षण आहे, पण मरताना ती कधी बाहेर येतात, कधी आतच राहतात.

प्रौढ माशी: प्रजातीपर्यंत

मागचा पाय आणि पंख एवढ्यावर प्रजाती बहुधा ठरते. मागच्या पायाच्या पावलाचा पहिला खंड लांब असतो. त्याच्या टोकाशी आतल्या बाजूने पुढे आलेली चपटी पाकळी म्हणजे कॅल्सिपाला. दुसऱ्या खंडाच्या वरच्या कडेला बुडापाशी असलेली खाच म्हणजे पेडिसल्कस. सिम्युलियममध्ये दोन्ही सहसा स्पष्ट दिसतात, प्रोसिम्युलियममध्ये पेडिसल्कस नसतो. पंखाच्या पुढच्या कडेच्या शिरेवर नुसते केस असतील आणि तिच्या मागच्या त्रिज्य शिरेची फांदी टोकाकडे दुभंगली असेल, तर प्रोसिम्युलियमच्या बाजूला जा. कडेच्या शिरेवर केसांबरोबर आखूड काळे काटे असतील आणि फांदी एकसंध असेल, तर सिम्युलियमकडे. सिम्युलियममध्येही त्रिज्य शिरेच्या बुडाच्या भागावर केस आहेत की ती उघडी आहे, यावरून उपप्रजातींचे मोठे गट पडतात.

मादीचा पंजा मायक्रोस्कोपच्या जास्त वर्धनाखाली पाहा. नखाच्या बुडाशी मोठा अंगठ्यासारखा दात असेल तर ती बहुधा पक्ष्यांचं रक्त पिणारी, कारण पिसांत पकड घ्यायला तो दात कामी येतो. सस्तन प्राण्यांवर बसणाऱ्या जातींत हा दात लहान असतो किंवा नसतोच.

पाठीवरची चंदेरी नक्षी सुंदर असते आणि त्यामुळेच घातक. प्रकाश समोरून असताना काळे दिसणारे पट्टे दिवा मागे नेला की चंदेरी होतात आणि त्यांच्यामधली जागा काळी पडते. नक्षीचं वर्णन करताना किंवा जुनं वर्णन वाचताना दिवा कुठे होता हे माहीत हवं. मी प्रत्येक मादीचे दोन फोटो काढतो, एक पुढून प्रकाश टाकून, दुसरा मागून. इथेनॉलमध्ये ठेवलेल्या माशीवर ही नक्षी दिसत नाही, म्हणून काही माश्या कोरड्या ठेवायलाच हव्यात. इथेनॉलमधून काढून थेट वाळवलेली माशी चुरगळते. हेक्सामेथिलडायसिलाझेन या द्रवातून काढून वाळवली तर आकार टिकतो, पण त्याची वाफ श्वासात जाऊ नये म्हणून हे काम धूर खेचणाऱ्या कपाटातच करायचं.

नर ओळखायला सोपे. त्यांचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात आणि डोळ्याच्या वरच्या अर्ध्या भागातले पैलू खालच्यांपेक्षा मोठे असतात. फार उंचावरच्या आणि ध्रुवाजवळच्या काही जाती इथेही चकवतात. ज्या जातींत नर हवेत थवा न करता जमिनीवरच मादी गाठतात, त्यांच्यात नराचे डोळेही मादीसारखे लहान असू शकतात. प्रोसिम्युलियम उर्सिनमसारख्या जातीत तर नराविनाच प्रजनन चालतं. नर सापडत नाहीत म्हणून तुमचं जाळं चुकलं असं समजू नका.

जननांग

जवळच्या जाती बाहेरून कितीही सारख्या असल्या, तरी नराच्या पोटाच्या टोकाला बहुतेकदा फरक सापडतो. पोटाचं टोक कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा, किंवा गरम पाण्यात नळी उभी करून पंधराएक मिनिटं. स्नायू विरघळतात आणि कठीण भाग उरतात. मग पाण्याने धुवा, ॲसेटिक आम्लाच्या एका थेंबाने क्षार मारा आणि खळगा असलेल्या काचेवर ग्लिसरीनमध्ये ठेवा.

याहून चांगला मार्ग म्हणजे डीएनए काढण्यासाठी वापरतात त्या प्रोटीनेज-के या प्रथिनं विरघळवणाऱ्या विकराच्या मिश्रणात पोट ठेवणं. द्रव डीएनएसाठी जातो आणि स्वच्छ झालेलं कवच जननांग पाहण्यासाठी परत मिळतं. एकाच माशीतून दोन्ही पुरावे.

आता घाईने वर काचेची चकती ठेवून दाबू नका. नरात पाहायची मुख्य गोष्ट म्हणजे मध्यभागी असलेली उदरपट्टिका. ती खालून, बाजूने आणि टोकाकडून अशी तिन्ही बाजूंनी पाहावी लागते. दाबली की ती पसरते आणि एका जातीची पट्टिका दुसरीसारखी दिसू लागते. जननांग किंचित कलंडलं तरी आकार बदलतो, म्हणून प्रत्येक वेळी एकाच कोनात आणून चित्र काढा. तिच्या दोन बाजूंच्या पकडींच्या टोकाचा खंड लांब आहे की रुंद, त्याच्या शेंड्यावर किती काटे आहेत, तेही नोंदवा. मादीत वाय आकाराचा जननकाटा, त्याच्या फांद्यांची रुंदी, आणि शुक्रधानीचा आकार पाहायचा. मादीतले फरक सूक्ष्म असतात, आणि फक्त मादीवरून भगिनी जाती वेगळ्या करण्याचा आग्रह मी धरणार नाही.

काम झाल्यावर जननांग ग्लिसरीन भरलेल्या सूक्ष्म नळीत घालून त्याच माशीच्या टाचणीला खालून टोचा. वेगळ्या डबीत ठेवलेलं जननांग कधी ना कधी अनाथ होतं.

फसवे फरक

माशीची लांबी हे लक्षण म्हणून वापरू नका. थंड पाण्यात हळू वाढलेली पिढी मोठी आणि गडद होते, त्याच ओढ्यातली उन्हाळी पिढी लहान आणि फिकी. एकाच जातीच्या या दोन पिढ्यांना दोन नावं देण्याची चूक पूर्वी झाली आहे आणि आजही सहज होते.

परजीवीही गोंधळ घालतात. अळीच्या फुगलेल्या पोटात गुंडाळी केलेला लांब पांढरा दोरा दिसला तर तो मर्मिथिड सूत्रकृमी. अशा अळीत कल्ल्याची घडी नीट वाढत नाही, आणि त्यातून माशी निघालीच तर कधीकधी तिच्यात नर-मादीची लक्षणं मिसळलेली असतात. पोटात पांढरे गुठळ्यांसारखे पुंजके असतील तर तो मायक्रोस्पोरिडिया या सूक्ष्म परजीवींचा संसर्ग. असे नमुने वेगळ्या नळीत ठेवा. ते मौल्यवान आहेत, पण जातीच्या वर्णनासाठी नाहीत.

गुणसूत्रं आणि डीएनए

शरीरावर फरक सापडत नाही, तरी दोन जाती असल्याचा संशय जात नाही, तेव्हा अळीच्या रेशीमग्रंथींकडे वळायचं. या ग्रंथींच्या पेशींतली गुणसूत्रं पुन्हा पुन्हा द्विगुणित होऊन जाड दोरखंडासारखी होतात आणि त्यांच्यावर आडवे पट्टे दिसतात. बहुतेक जातींत तीन गुणसूत्रं असतात. कार्नॉयमध्ये ठेवलेली, पांढऱ्या किंवा नुकत्याच तपकिरी होऊ लागलेल्या घडीची अळी यासाठी उत्तम. काळी घडी असलेल्या अळीत पट्टे अस्पष्ट होतात. फॉयल्गन रंगाने ग्रंथी जांभळ्या-गुलाबी होतात, मग ॲसेटिक आम्लाच्या थेंबात दाबून काच तयार करतात. टोरंटो विद्यापीठात क्लाउस रॉथफेल्स यांनी या पद्धतीवर काळ्या माश्यांच्या वर्गीकरणाचा मोठा पाया घातला.

पट्ट्यांचा क्रम एखाद्या भागात उलटलेला असतो, त्याला व्युत्क्रम म्हणतात. त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. समजा एकाच ओढ्यातल्या १०० अळ्यांत सरळ आणि उलटा क्रम निम्मे-निम्मे आहेत. त्या सगळ्या आपसांत मुक्तपणे प्रजनन करत असतील, तर सुमारे ५० अळ्यांत दोन्ही क्रम एकत्र, मिश्र जोडीत दिसायला हवेत. प्रत्यक्षात मिश्र जोडी एकाही अळीत नाही, ५० अळ्या दोन्हीकडून सरळ आणि ५० दोन्हीकडून उलट असतील, तर एकाच पाण्यात राहूनही या दोन गटांचं एकमेकांशी मीलन होत नाही. म्हणजे या दोन जाती. शरीरावर एका केसाचाही फरक नसताना हे कळतं, आणि मला तरी कीटकशास्त्रात याहून देखणा पुरावा माहीत नाही. मात्र अळ्या एकाच ठिकाणच्या, एकाच वेळच्या हव्यात. दोन वेगळ्या डोंगरांवरच्या अळ्यांमध्ये मिश्र जोडी नसणं याचा अर्थ फक्त एवढाच, की त्या एकमेकींना भेटलेल्याच नाहीत.

या कामासाठी प्रयोगशाळा आणि अनुभवी डोळा लागतो. तुमच्या वाट्याचं काम म्हणजे अळ्या नीट टिकवून, त्यांच्या शेजारी त्याच दगडावरचे वाढवलेले कोष आणि माश्या ठेवून, अभ्यासकाकडे पोचवणं. गुणसूत्रांसाठी पोटाचा मागचा भाग उघडला जातो, डोकं आणि छाती शाबूत राहते. तीही जपून ठेवायला सांगा.

डीएनए बारकोड म्हणजे सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा. माशीचा एक पाय त्याला पुरतो. न ओळखता येणारी अळी आणि वाढवलेली माशी जोडायला तो फार उपयोगी आहे. पण भगिनी जातींच्या बाबतीत तो अंतिम न्यायाधीश नाही. अलीकडेच वेगळ्या झालेल्या किंवा मधूनमधून संकर होणाऱ्या जातींत हा तुकडा सारखाच निघू शकतो, आणि एकाच जातीच्या दूरच्या वस्त्यांत तो बराच वेगळा असू शकतो. शिवाय डेटाबेसमधल्या ज्या क्रमाशी तुमचा क्रम जुळला, त्यावरचं नाव कुणीतरी कधीतरी माशी बघून लिहिलेलं असतं, आणि ते चुकीचंही असू शकतं. त्या नावामागे जपलेला नमुना आहे का, हे आधी पाहा.

नाव लिहिताना

ओळखीची किल्ली, म्हणजे जोडप्रश्नांची मालिका, वापरताना ती कुठल्या प्रदेशासाठी बनली आहे ते पाहा. दुसऱ्या पर्वतरांगेची किल्ली तुमच्या माशीला कुठल्या ना कुठल्या नावापर्यंत नेऊन सोडणारच, कारण ‘यांपैकी नाही’ असं उत्तर बहुतेक किल्ल्यांत नसतं. शेवटी मिळालेलं नाव त्या जातीच्या मूळ वर्णनाशी पडताळा. नुसतं शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जुळून भागत नाही. कोष, अळी आणि नर या तिन्हींचं वर्णन जुळायला हवं.

पुरावा जिथे थांबतो तिथे नावही थांबवा. कोष आणि नर दोन्ही असतील तर जातीचं नाव लिहा. फक्त मादी असेल तर ‘सिम्युलियम, वर्नम गट’ एवढंच. अगदी जवळची वाटते पण एक लक्षण जुळत नाही, तर नावाआधी ‘सीएफ.’, म्हणजे ‘याच्याशी तुलना करा’, लावा आणि कुठलं लक्षण जुळत नाही ते शेजारी लिहा. वहीत मी नावाइतकीच जागा या ओळीसाठी ठेवतो: कशावरून ओळखली, कोणती अवस्था पाहिली, कोणती पाहायला मिळाली नाही.

तीन-चार मोसमांनंतर या शेवटच्या रकान्यावरून नजर फिरवा. कुठल्या ओढ्यावर कोणत्या महिन्यात परत जायचं, पांढऱ्या घडीच्या अळ्या हव्यात की काळ्या कोषांच्या मागे लागायचं, हे तिथेच लिहिलेलं सापडतं. जाताना नळ्या जास्त घ्या, आणि पेन्सिलीही दोन.